ओसरीतली खाट

“मझारमा रेंज ये नही, माय,” मुलगा हेमराज आतल्या खोलीकडे बोट दाखवत तिसऱ्यांदा म्हणाला, आणि धनुबाईच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

सुरतच्या दवाखान्यात तिच्या छातीत पेसमेकर बसवून आठ दिवस झाले होते. त्याची खबर रोज डॉक्टरांना पाठवणारी सिमकार्डाची पेटी खाटेजवळ ठेवायची होती. शहाद्याहून मोबाईल दुरुस्तीवाला आमीर आला, दोन कंपन्यांची सिमं घालून पाहिली. आतल्या खोलीत दिवा लालच. ओसरीत नेली की लगेच हिरवा. मग काय, खाटच ओसरीत काढायची ठरली.

आता कळसाडीत माणसाची खाट ओसरीत कधी काढतात, हे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टरांनी हात टेकले म्हणजे. सासूची काढली, नवऱ्याची काढली. दोघंही आठवड्यात गेली.

धनुबाईने तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली होती. पोर फारच खंगलेलं असलं की आई घाबरू नये म्हणून ती अर्धंच सांगायची, आवाज अगदी मऊ करून. हेमराजचा आवाज आज तसाच मऊ होता. आमीरही त्याला सामील असणार, नाहीतर चहा न घेता असा पळाला असता का?

दुसऱ्या दिवसापासून गाव भेटायला लोटलं. बायका दबक्या पावलांनी येत, तिचे पाय धरत, चुकलंमाकलं माफ कर म्हणत. ती बिचारी प्रत्येकीला रेंजचं समजावून सांगे. बायका मान डोलवत आणि डोळ्यांना पदर लावत. सून रंजिता चहा करून करून वैतागली. आणि हेमराज फोन आला की अंगणात जाऊन बोले, तेव्हा धनुबाई खाटेवरून कान टवकारून ऐके. आपल्याच पोराने आपल्याला फसवावं, हे तिला मरणापेक्षा जड जात होतं.

चौथ्या दिवशी लोणखेड्याहून धाकटा भाऊ चुनीलाल आला. मांडीवरची पिशवी काही सोडेना. तिने ओढून घेतली. आत कोरी जांभळी साडी. बाई शेवटचं माहेरचंच नेसून जाते, तीच ही.

“हेमराजनी फोन करा ना तुले?” तिने विचारलं.

“नही, अक्का. कोनीच सांगं नही. तुन्ही खाट बाहेर निंघनी, अशे यस्टीमा आयकं,” म्हणत तो ढसाढसा रडू लागला.

आपण खरंच जायला टेकलो असतो, तर हेमराजने पहिला फोन मामालाच केला असता. म्हणजे पोरगा खरंच बोलत होता. धनुबाईला हायसं वाटलं, आणि चार दिवस त्याच्यावर संशय घेतल्याची लाजही वाटली. तिने साडीची घडी मोडली.

“मरावर मले काय दिसी? आतेच नेसी लेस,” ती म्हणाली.

नेसून ती बाहेर आली. नवं नेसलं की मोठ्यांच्या पाया पडायचं. तिने ओसरीभर पाहिलं. तिच्याहून मोठं असं कोणी उरलंच नव्हतं. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि हाताने निऱ्या सारख्या करत राहिली.