हौश्याच्या पाठीवरची झूल

मी एक जुनी झूल आहे, मित्रांनो. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती. सुभद्राबाईंनी मला आपल्या दोन लुगड्यांतून शिवलं, आणि कुर्बान पिंजाऱ्यानं ढगासारखा पिंजलेला कापूस माझ्या पोटात भरला. हौश्या बैल वासरू होता तेव्हापासून थंडीत मीच त्याच्या अंगावर.

मग सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला चांदीचं मोल आलं. लोकांनी उशा उसवल्या, गाद्या उसवल्या, आतला कापूस अकोल्याच्या बाजारात नेला. सुभद्राबाईंचे मालक जानराव तिथून हौश्यासाठी मखमली झूल घेऊन आले. कलाबतूची सोनेरी वेल, चांदीचे घुंगरू! खोटं कशाला बोलू, तिला पाहून माझेही टाके सैल झाले.

"आता या जुनीचा कापूस काढून घे," जानराव म्हणाले.

"पोळा तर होऊ द्या जी," बाई म्हणाल्या.

त्या पोळ्याला तोरणाखालून जायचा पहिला मान हौश्याचा होता. सारा गाव मखमलीकडे डोळे लावून उभा. पण पाठीवर ते परकं ओझं छनछनलं, तसा हौश्या बिचकला आणि तोरणापुढंच बसला. गोंजारलं, शेपटी पिळली, उठेना. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात, चढाओढीची गमतीची कवनं. गावात झडत्या रचणाऱ्या सूर्यभानला आयतंच सापडलं:

"चांदीचे घुंगरू, मखमली अंग,
जानरावच्या बैलाचा पाहा रे रंग!
नवरदेव सजला, बसला दारी,
पालखीत न्या आता त्याची स्वारी!"

हशा उसळला. जानरावांनी मान खाली घातली. सणाच्या दिवशी, मानाच्या जागी बैल बसलेला. तेवढ्यात सुभद्राबाई मला छातीशी धरून आल्या.

"वझं काढा जी त्याचं. त्याले इचीच सवय हाय."

कुर्बाननं मखमल उतरवली, मला पसरलं. हौश्यानं मान वळवून मला हुंगलं, आणि उठून डुलत तोरणाखालून गेला. सूर्यभानची झडतीही वळली:

"मखमल चमके, चांदी वाजे,
विटक्या झुलीत बैल साजे!
लुगडं सुभद्रेचं, कापूस कुर्बानचा,
बाकी सारा डौल जानरावचा!"

सगळ्यांत मोठ्यानं जानरावच हसले. माझी उसवण टळली.

मखमल आता पेटीत असते. अजून तशीच देखणी आहे. मी विरले, गोठ्यातल्या नव्या वासरावर असते. मित्रांनो, सुंदर ते डोळे भरून पाहा. पण घरातलं जुनं काही उसवण्याआधी त्याच्या उबेला कोण निजतं, तेही पाहा. माझी एक शिवण सुटली आहे. तेवढा टाका घालाल? वासरू अजून लहान आहे.