सोडण्याआधी एकदा ओढून

पौषातली सकाळ होती. उसाला तुरे आले होते. रुपेरी, मऊ, दंवाने जड झालेले तुरे. कोवळे ऊन त्या तुऱ्यांवरून चालत आले, पाय न वाजवता आले, फडामागून फड ओलांडत रुग्णालयाच्या पायऱ्यांपर्यंत आले, आणि तिथेच थांबले. पुढे त्याला वाट नव्हती.

पुढची खोली बिनखिडक्यांची होती. कॅथलॅब म्हणतात तिला. तिथे पौष नसतो, ज्येष्ठ नसतो. तिथे असतो यंत्रांच्या पडद्यांचा करडा, धूसर, जागता उजेड. त्या उजेडात माणसाचे हृदय दिसते. ढगाआडच्या चंद्रासारखे, पुसट आणि चंचल.

टेबलावर तनिष्का बिरनाळे झोपली होती. नऊ वर्षांची, सावळी, सडपातळ, डोळ्यांनीच अर्धे बोलणारी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक पातळ पडदा असतो. तिच्या पडद्याला जन्मापासून एक भोक होते. पुढे जायचे रक्त त्या भोकातून मागे वळे, आणि तेच ते पाणी पुन्हा पुन्हा उपसावे तसे तिचे हृदय थकून जाई. खो-खोत खो मिळाला की ती उठे, वाऱ्यासारखी सुटे, आणि खांब गाठण्याआधीच तिचा श्वास संपून जाई.

तिच्याजवळ उभी होती डॉक्टर शर्वाणी मगदूम. हृदयरोगाची पदवी घेतलेली, आणि तरी पुन्हा विद्यार्थिनी झालेली. कारण छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत जायचे, तर नुसते पुस्तक पुरत नाही. ते हातानेच हाताला शिकवावे लागते. तिचे गुरू होते केळुस्कर सर. केस पांढरे, आवाज मृदू, घाई कशाचीच नाही.

त्यांनी तिला आधी सिलिकॉनचे हृदय दिले होते. पारदर्शक, स्वच्छ, आज्ञाधारक हृदय. त्यात तिने भोके बुजवली; चुकली, पुन्हा बुजवली. मग त्यांच्या शेजारी उभे राहून खऱ्या हृदयांत त्यांचे हात पाहिले. आज हात तिचे होते, आणि शेजारी सर.

भूल देण्याआधी तनिष्काने विचारले होते, "मॅडम, तुम्ही करणार, का आजोबा डॉक्टर?"

"मी करणार. सर शेजारी आहेत."

"तुम्ही पहिल्यांदाच?"

"माणसात पहिल्यांदाच. खोट्या हृदयात पुष्कळदा केलंय. आईला सांगितलंय मी सगळं."

"मला नाही सांगितलं."

"आता सांगितलं ना."

"खोटं हृदय दुखतं का?"

"नाही गं."

"माझं दुखतं हां," तनिष्का म्हणाली, आणि डोळ्यांवर झोप आली तरी बोट उगारून म्हणाली, "हळू करा."

सुवार्ता सिस्टर हसल्या. "ऐका, मॅडम! खऱ्या हेडबाई तर इथं झोपल्यात."

मग बोलणे सरले. काम सुरू झाले.

शिरेतून नळी निघाली. अंधारातून निघाली, रक्तातून निघाली, उष्ण, वाहत्या, कुणी न पाहिलेल्या वाटेने वर वर निघाली. शर्वाणीची बोटे मांडीपाशी होती आणि नजर यंत्राच्या पडद्यावर. बोट तांदळाच्या दाण्याएवढे पुढे सरके, आणि तिकडे दूर, करड्या आभाळात, एक काळी रेघ तेवढीच पुढे सरके. उजवा कप्पा आला. भोक आले. भोकातून रेघ पलीकडे गेली, डाव्या कप्प्यात गेली.

नळीतून तिने जाळी पुढे ढकलली. बारीक तारांची ती जाळी पलीकडे उमलली, चकतीसारखी गोल झाली. तिला मागे ओढत पडद्याला टेकवले. मग अलीकडे दुसरी चकती उमलवली. दोन चकत्या, मध्ये पडदा. दोन तळव्यांत एखादे पान धरावे तसा.

यंत्राच्या पडद्यावर सारे सुरेख दिसत होते. समांतर, शांत, सुरेख.

आता उरले होते सोडणे. चकती एका लांब तारेच्या टोकाला आट्यांनी बसवलेली असते. तार जोडलेली आहे तोवर ती आपली. कधीही मागे घेता येते. आटे फिरवून तार सोडली की ती हृदयाची. आणि नीट बसली नसेल, तर ती रक्ताबरोबर वाहून जाते. मग तिला शोधत जावे लागते, कधी कधी कोवळी छाती उघडूनसुद्धा.

म्हणून सरांचा एक रिवाज होता. सोडण्याआधी एकदा ओढून पाहायचे.

शर्वाणीने तार ओढली. चकती हलली नाही.

"बसलीय, सर. सोडते."

केळुस्कर सर पडद्याकडे पाहत नव्हते. ते तिच्या बोटांकडे पाहत होते.

"हे ओढलंस," त्यांनी विचारले, "की गोंजारलंस?"

त्यांनी मानेनेच तिच्या बोटांकडे खूण केली.

"सिलिकॉनला तू अशी ओढतेस?"

"नाही, सर. पण हिला..." पुढचे शब्द तिच्या मास्कमध्येच राहिले. तिच्या बोटांना एक उगारलेले बोट आठवत होते. हळू करा. आणि तिची बोटे हळू झाली होती. इतकी हळू, की त्यांनी काही विचारलेच नव्हते.

"माया हातात असू दे," सर म्हणाले. "पण खरं विचार. हळू विचारलंस तर हृदयही हळूच हो म्हणतं."

शर्वाणीने श्वास घेतला. तार धरली. आणि ओढली, घट्ट, सरळ, खरी.

चकती सटकली.

खालची कड आधी निसटली, मग सारी जाळी मुडपत, दुमडत भोकातून अलीकडे आली. करड्या आभाळात ती लोंबकळत राहिली. वादळात सापडलेल्या पतंगासारखी, पण दोरी न तुटलेल्या.

मघाशी आटे फिरवले असते तर. फिरवलेच असते. बोटे निघाली होती फिरवायला. शर्वाणीने तार सरांपुढे धरली.

"तुम्ही घ्या, सर."

सरांनी हात पुढे केले नाहीत. ते एक पाऊल मागे सरले, आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. "तिनं तुला विचारलं होतं, मला नाही."

"आणि आजोबा म्हणाली ती तुम्हाला," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आजोबांनी बसूनच घ्यावं मग."

सर हसले. शर्वाणीही, मास्कच्या आड, थोडी. तिने जाळी मिटवली आणि नळीत परत घेतली. मग नळीचे टोक किंचित वळवले. चकती या वेळी तिरपी येऊ नये, पडद्याच्या अंगाने सरळ यावी, म्हणून किंचित.

पुन्हा पलीकडे. पुन्हा पहिली चकती. पुन्हा दुसरी.

आणि पुन्हा ओढ. खरी ओढ. पडदा ताणला गेला, तंबूसारखा उभा राहिला, चकत्यांनी कडा घट्ट धरल्या. ताण थेट तिच्या बोटांत आला, एका ठोक्यासह आला, दुसऱ्या ठोक्यासह आला. तिने ढकलूनही पाहिले. चकती जागची हलली नाही.

"आता?" सर म्हणाले.

"आता बसलीय." या वेळी तिचा आवाज विचारत नव्हता.

ती आटे फिरवू लागली. एक वेढा, आणखी एक वेढा. तार सुटली.

आणि सुटताक्षणी चकती कलली. शर्वाणीचा श्वास जिथल्या तिथे राहिला. सर मात्र स्वस्थ होते. तारेचे ओझे उतरले की असेच होते, हे त्यांना ठाऊक होते. शेवटचा माणूस काठावर उतरून जातो, तेव्हा होडी अशीच एका अंगाला झुकते, पाण्यावर डुलते, थोडी डुलते, आणखी थोडी डुलते. आणि मग, कुणीही न धरता, आपली आपण सपाट होते.