दुसऱ्या कंपनीची लेन्स

विद्याश्रीनं कॅमेऱ्याची कंपनी बदलली, ही बातमी राजारामपुरीतल्या फोटोवाल्यांत अशी फिरली, की जणू बाईनं नवराच बदलला. "आख्खा स्टुडिओ निकॉनचा, आन् वैनींच्या गळ्यात कॅनन?" जो तो तिच्या नवऱ्याला, मृत्युंजयला, डिवचायचा. तो चारचौघांत हसण्यावारी न्यायचा आणि घरी येऊन धुमसायचा.

खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा-बायको मिळून लग्नाचे फोटो काढायचे. कॅमेरे दोन, पण लांबची लेन्स एकच. सकाळपासून ती विद्याश्रीकडं असायची. हळद, बांगड्या, नवरीचं नटणं ती टिपायची. अक्षतांची वेळ झाली, की मृत्युंजय मागं न बघता हात पसरायचा. ती मुकाट लेन्स काढून द्यायची, आणि त्याची आखूड लेन्स आपल्या कॅमेऱ्याला चढवेपर्यंत वऱ्हाड जेवायला पळालेलं असायचं. लग्न झाल्यापासून एकाही नवरीच्या अक्षता तिच्या वाट्याला आल्या नव्हत्या. भांडून झालं, रुसून झालं. "स्टुडिओची वस्तू हाय, त्यात तुझं-माझं काय करतीस?" एवढंच त्याचं उत्तर. शेवटी २००६च्या दिवाळीत तिनं माहेरच्या पाटल्या मोडल्या, आपला जुना कॅमेरा बदली दिला, आणि नवऱ्याच्या कॅमेऱ्याला बसणारच नाही अशी लेन्स घरात आणली.

पण हात कुठं ऐकतोय? निकॉनची लेन्स ज्या अंगाला फिरवली की माणूस जवळ यायचं, त्याच्या नेमकी उलट ही फिरायची. पहिल्या दोन लग्नांत ती नवरीला जवळ घ्यायला गेली आणि फोटोत आख्खा मांडव आला. भात शिजेपर्यंत ती डब्याचं झाकण उलटं फिरवत बसायची. मनगटाला चैन म्हणून नव्हती. मृत्युंजयनं बजावलं, "हातकणंगल्याच्या लग्नात जमलं न्हाय, तर सोमवारी हे इकून टाकायचं. गिऱ्हाइकाच्या मांडवात शिकवणी नको."

त्या दुपारी मांडवात पाय टाकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्ड तपासलं, बॅटरी तपासली, परत कार्ड तपासलं. पूर्णिमा नावाची नवरी बोहल्यावर उभी राहिली. मंगलाष्टकं सुरू झाली. पाहुणे मुठीत अक्षता आणि एक डोळा जेवणाच्या टेबलांकडं ठेवून उठले.

मृत्युंजयनं मागं न बघता हात पसरला. "लेन्स!"

"कुठली?"

"लांबची गं!"

"ती तुमच्या पिशवीत असंल की."

तो गर्रकन वळला. जुन्या सवयीनं, लेन्स विद्याकडंच असते या भरवशावर, त्यानं पिशवी जीपमध्येच ठेवली होती, आणि जीप मैदानाच्या पार पलीकडं.

"तुझी दे मग!"

"तुमच्याला बसत न्हाय."

पुढं वऱ्हाडाची भिंत, हातात आखूड लेन्स, आणि भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आलेले. "मग बघत काय बसलीस? काढ की तू!" तो ओरडला, तशा करवल्यासुद्धा वळून बघायला लागल्या.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. हात फिरला आणि समोर आला मांडव! अक्षता उडाल्यासुद्धा. "मुडद्या!" तिनं स्वतःच्याच हाताला शिवी हासडली आणि उलटं फिरवलं. पूर्णिमा एकदम जवळ आली. डोळे घट्ट मिटलेले, तोंडभर हसू, तांदूळ अजून हवेत. तिनं बटण दाबलं. वाजंत्री कडाडली.

फोटो आला का, हे बघायचा तिला धीर झाला नाही. जेवणं उरकली. जीपमध्ये बसताच मृत्युंजयनं तिच्या मांडीवरचा कॅमेरा आपल्याकडं ओढला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पडद्यावर भलतंच काहीतरी उघडायला लागलं.

"ह्यात बघायचं कुठनं?" त्यानं विचारलं.

कॅमेऱ्यातलं काही त्यानं तिला आजवर विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांचा राग होता, पण त्या क्षणी तिला नुसता आनंद झाला, पोटातून वर येणारा. तिनं कॅमेरा आपल्याकडं घेतला आणि बटण दाबलं. पूर्णिमा हसत होती. ओठाला चिकटलेला तांदूळसुद्धा मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसत होता.

मृत्युंजयनं कॅमेऱ्यासाठी हात पसरला.

"पट्टा काढ की गळ्यातला," तो म्हणाला, "दे इकडं, नीट बघतो."

"न्हाय काढायची. असंच बघा."

तो सरकून जवळ आला आणि तिच्या खांद्याशी वाकून बघायला लागला.