पाण्यातली रेघ

प्रयोगशाळेत पडताळणीसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या नळीत डीएनए दिसायलाच नको; पण सलग तिसऱ्या दिवशी डीएनए रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलच्या थरावर तिचीही रेघ उमटली. थोरल्या तंत्रज्ञ बाईंचा नव्या सहकारिणीवरचा संशय बळावला. ही धांदरट पोरगीच कुठेतरी सांडलवंड करत असणार.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुणालाही न सांगता पाण्याची नवी बाटली फोडली आणि थेंब मोजून घ्यायच्या आपल्या पिपेटने सगळं एकटीनेच केलं. रेघ तरीही आली. मग त्यांनी नव्या सहकारिणीची पिपेट वापरून पाहिली, तर रेघ गायब.

"माझ्याच पिपेटमध्ये घाण होती," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आणि मी तुझ्यावर डूख धरून बसले."

"मला पहिल्या दिवसापासून त्या पिपेटचाच संशय होता," ती म्हणाली, "पण तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."