पस्तिसावी वायर

ज्या देशातला पगारदार माणूस स्वतःच्या हातांनी मोटार उभी करू शकतो, त्या देशाला कोणी मागास म्हणू शकत नाही. हे वाक्य आमचे शेजारी डी. आर. गायखे यांनी एका सागवानी फळीवर पांढऱ्या रंगात लिहवून घेतलं होतं. ही फळी इंदिरानगरातल्या त्यांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, त्याच मोटारीच्या मागच्या चाकाखाली असायची. हँडब्रेक लागत नव्हता.

डी. आर. म्हणजे धोंडीराम. अंबडच्या एका कारखान्यात ते गुणवत्ता नियंत्रण खात्याचे व्यवस्थापक होते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर शिक्के मारायचे. वीस वर्षं शिक्के मारले की माणसाला वाटू लागतं, वस्तू शिक्क्यामुळेच बनते. त्यांनी कोइमतूरहून फायबरची एक बॉडी मागवली. अपघातात चेपलेल्या मारुतीचं इंजिन आणलं, मोडीत निघालेल्या जीपचे मीटर आणले, आणि दोन वर्षांत या सगळ्याची मिळून एक लाल वस्तू तयार झाली. समोरून ती परदेशी स्पोर्ट्स कारसारखी दिसे, बाजूने बाथटबसारखी. नंबरच्या जागी 'ऑन टेस्ट' असं रंगवलं होतं. तिच्याबद्दल केलं गेलेलं हे एकमेव खरं विधान.

गाडीत एकूण चौतीस वायरी होत्या. हे मला माहीत असण्याचं कारण नाही, पण सगळ्या कॉलनीलाच माहीत होतं. डी. आर. यांनी वायरिंगचा नकाशा स्वतः काढला होता, प्रत्येक वायरीला क्रमांक दिला होता, आणि नकाशा लॅमिनेट करून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. एक प्रत दिवाणखान्यात होती, जिथे लोक आजोबांचा फोटो लावतात.

१९९८च्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. डी. आर. यांच्या आई नवसाबाई यांनी पंचवटीतून एक छोटा गणपती आणला होता, डॅशबोर्डवर बसवायचा. त्याच्या मागे लाल-हिरव्या दिव्यांची महिरप होती आणि ती लुकलुकायची.

"धोंडू, गाडी चालू हाय तवर देव मालवायचा नाय," नवसाबाईंनी बजावलं. "आन चाबी फिरवली का समद्यांनी हात जोडायचे. डोळे मिटून."

गणपती बसला. चावी फिरली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. इंजिन सुरू झालं, त्याचा आवाज चढला, पडला, चढला, पडला, आणि सहाव्यांदा पडला तो पडलाच.

रेस दिली की गाडी ठणठणीत. पाय काढला की हे असं. गॅरेजवाले याला 'गाडी स्लो धरत नाही' म्हणतात. डी. आर. यांनी याला 'निष्क्रिय गतीतील अस्थैर्य' असं नाव दिलं आणि त्या नावाची फाईल उघडली. पुढचे तीन महिने त्यांनी कार्बोरेटर एकोणीस वेळा उघडला. जेट साफ केले, गॅस्केट बदललं, प्लग बदलले, पॉइंट घासले. प्रत्येक वेळी ते बॉनेटखाली डोकं घालून उभे राहत, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, चावी फिरवत आणि लगेच हात जोडून डोळे मिटत. मग इंजिन मरे आणि फाईलमध्ये एक पान वाढे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्येच त्यांच्या भाग्यश्रीचं लग्न ठरू लागलं.

स्थळ निफाडचं होतं. पुंजाराम तात्यांचा मुलगा, शेतकी पदवीधर, घरची द्राक्षबाग. भाग्यश्रीला मुलगा मनापासून पसंत होता. घोटाळा केला मध्यस्थाने. त्याने तिकडे सांगितलं, "मुलीचे वडील मोटारी बनवतात." आता 'मोटारी' आणि 'एक मोटार' यांत किती अंतर आहे, हे गुणवत्ता नियंत्रणातल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. पण तात्यांनी फोनवर "आपल्याच कारखान्याची गाडी घेऊन या" म्हटल्यावर डी. आर. "अवश्य" म्हणाले. साखरपुडा सतरा जानेवारीला, सकाळी अकरा पस्तीसला ठरला.

"बाबा, आपण एसटीने जाऊ," भाग्यश्री म्हणाली. "तिथे मी सांगते, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय."

"म्हणजे सुरुवातच खोटेपणाने करायची?" डी. आर. दुखावून म्हणाले.

"आणि गाडी वाटेत बंद पडली तर? ते म्हणतील, सगळं घरच फसवं आहे. तुमचं काय जातंय? लग्न माझं आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून वहिनींनी फोन फिरवला आणि डी. आर. यांच्या नाकावर टिच्चून पंचवटीच्या मंगळूला बोलावलं. मंगळू रिक्षांचं वायरिंग करायचा. शिक्षण सातवी. तो आला, बॉनेटकडे न जाता सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि तंबाखू मळू लागला.

"मंगळू, आधी फाईल वाच," डी. आर. म्हणाले.

"वाचतो ना. चालू तर करा."

वहिनींनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मंगळूला हात जोडता येईनात, कारण तळहातावर तंबाखू होती. तीन महिन्यांत त्या गाडीसमोर डोळे उघडे ठेवून बसलेला तो पहिला माणूस.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा गनपती लुकलुकला का इंजिन खोकलतं."

"या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाही."

"संबंध नसंल. स्क्रू एकच हाय." त्याने डॅशबोर्डखाली वाकून बघत महिरपीची वायर हळूच उपटली. इंजिन एकदम एका सुरात गुरगुरू लागलं. तीन महिन्यांनी पोर्चमध्ये तो आवाज ऐकून भाग्यश्रीने तोंडावर हात ठेवला.

"आरं मुडद्या! देव मालवला!" नवसाबाई ओरडल्या.

"लावतो, आजी, लावतो. देवाची काय चूक नाय." मंगळूने तंबाखू तोंडात टाकली आणि उतरून बॉनेट उघडलं. "असं बघा. कार्बोरेटरवर ह्यो बारका व्हॉल्व्ह हाय. करंटवर उघडतो. त्यो उघडा ऱ्हायला तर गाडी स्लो धरती. त्याची अर्थिंगची, म्हंजी करंट माघारी न्यायची वायर आन गनपतीची तसलीच वायर एकाच स्क्रूला बांधली तुमी, आन स्क्रू मारला बॉडीला. पत्र्याची गाडी असती तर बॉडीतून करंट माघारी जातो. ही फायबर हाय. फायबर म्हंजी बादली. बादलीतून करंट जातो व्हय? ह्या एका गंजक्या पट्टीनं कसाबसा चाललाय. गनपतीनं वढला का व्हॉल्व्ह उपाशी."

"पण नकाशात…"

"नकाशा झ्याक हाय. एक वायर वाढवा. इथून थेट बॅटरीला. झालं."

पाच मिनिटांचं काम. मंगळूने नवी वायर कापलीसुद्धा. डी. आर. यांनी त्याचा हात धरला.

"वायरी चौतीस आहेत," ते म्हणाले.

"मग पस्तीस होतील."

"नकाशा अंतिम आहे. त्याची प्रत मी निफाडला पाठवली आहे."

मंगळूने त्यांच्याकडे बघितलं. मग महिरपीची वायर परत जोडली, आपला पाना उचलला, चहा घेतला आणि गेला. मला आजही वाटतं की त्या पोर्चमध्ये त्या दिवशी एकच इंजिनिअर येऊन गेला.

डी. आर. मूर्ख नव्हते. मंगळूचं म्हणणं त्यांना कळलं होतं, फक्त मंगळूने म्हटलेलं चालणार नव्हतं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते गाडीच्या मागच्या बाजूला आडवे झाले होते.

"एक वायर बॅटरीपर्यंत थेट जाणारी आधीच आहे," ते खालून बोलले. "क्रमांक एकोणतीस. पेट्रोलच्या मीटरची. तीच काढून तिकडे दिली. संख्या चौतीसच राहिली."

"आणि पेट्रोलचा मीटर?"

"त्यात काय? तो कोणतंही काम करत नाही हो. नुसती माहिती देतो."

ज्याने वीस वर्षं नुसती माहिती देण्याचा पगार घेतला, त्या माणसाचं हे मत. त्यांनी बाहेर येऊन चावी फिरवली. गाडी सुरू झाली, गणपती लुकलुकला, तरी इंजिनाचा सूर ढळला नाही. जीपचा तो जुना मीटर अर्थिंगची वायर निघाल्यामुळे उडी मारून 'फुल'वर गेला आणि तिथेच बसला.

"बघा," डी. आर. म्हणाले, "शुभशकुन."

सतरा तारखेला आम्ही निघालो. पुढे डी. आर. आणि नवसाबाई, मागे वहिनी, भाग्यश्री आणि मी. जागा चौघांचीच होती, पण फाईल धरायला कोणीतरी हवं होतं. गाडी, खोटं कशाला बोला, सुरेख चालली. प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक चौकात डी. आर. मुद्दाम थांबत आणि गाडी नुसती चालू ठेवून आवाज ऐकवत. ओढा गावच्या फाटकाला तर चांगली दहा मिनिटं ऐकवला. काटा 'फुल'वर होता.

निफाड दोन किलोमीटर राहिलं असताना इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि बंद.

"अस्थैर्य," डी. आर. म्हणाले, आणि माझ्याकडे फाईल मागितली.

त्यांनी बॉनेट उघडलं. नवरदेवासाठी आणलेलं उपरणं चाकाशेजारी अंथरलं आणि त्यावर कार्बोरेटरचे भाग ओळीने मांडायला सुरुवात केली. सव्वाअकरा झाले. भाग्यश्री रस्त्याकडे पाठ करून उभी होती. तिने नेसलेल्या शालूवर आता धूळ बसत होती, आणि ती झटकतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. उशीर झाला म्हणून तात्या स्वतःच बघायला निघाले होते. त्यांनी ती लाल वस्तू पाहिली, उपरण्यावरचे भाग पाहिले, भाग्यश्रीचा चेहरा पाहिला.

"हीच का कारखान्याची गाडी?"

"कारखाना नाही, तात्या," भाग्यश्री म्हणाली. वळली, आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा घरी बनवतात. ही एकच आहे. तीही चालत नाही."

डी. आर. यांच्या हातातला जेट खाली पडला.

तात्या हसले. "आवं, मग आमी काय गाडीशी सोयरीक करतोय का? चल पोरी, मुहूर्त चाललाय. आजी, हात द्या."

ट्रॉलीत सतरंजी होती. वहिनी, आजी आणि भाग्यश्री चढल्या. "तुम्ही व्हा पुढे," डी. आर. ट्रॉलीला म्हणाले, "मी दोष शोधून आलोच." त्यांना कोणी आग्रह केला नाही.

साखरपुडा अकरा पस्तीसलाच झाला, असं नंतर कळलं. मी डी. आर. यांच्यापाशी होतो. दीड वाजेपर्यंत त्यांनी कार्बोरेटर दोनदा जोडला आणि मंगळूला सहा वेळा दोषी ठरवलं. व्हॉल्व्हची वायर ओढून पाहिली, मग गणपतीची. जाताना नवसाबाईंनी बजावलं होतं म्हणून गणपती चालूच होता आणि बॅटरी असेपर्यंत लुकलुकत राहिला.

दोनच्या सुमारास तात्या पुरणपोळीचं ताट घेऊन परत आले. डी. आर. यांनी त्यांना ताट बाजूला ठेवायला लावलं आणि फाईलच्या पान एकपासून सुरुवात केली. तात्यांनी पान सातपर्यंत ऐकलं. मग उठले, बांधावरच्या छाटणीतली द्राक्षाची एक लांब काडी उचलली, गाडीच्या मागे गेले, टाकीचं झाकण उघडून ती काडी तळापर्यंत घातली, बाहेर काढली आणि बोट फिरवून बघितलं.

काडी कोरडी होती.