पाण्याकाठची येळवस

"आई, कामून हट्ट करायलीस? माझ्या सासऱ्याच्या शेतात समदे वाट बघायलेत, चल!" सुनीलकुमार जीपजवळून ओरडला.

अनसाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धरणाच्या काठावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांनी खोपटासारखी कोप केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले आणि टोपली सोडली. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर! खाणारी माणसं दोन आणि स्वयंपाक वीस जणांचा.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, या भागात गावंच्या गावं शेतात जेवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण अनसाबाईंनी जन्मभर बोलावून बोलावून वाढलं होतं. धरण भरलं, शेत पाण्याखाली गेलं, तरी वाढायची सवय काही बुडाली नाही.

"मागल्या साली जेवले की तुझ्या सासऱ्याकडं. घास नरड्याखाली उतरंना. औंदा मी वाढणार."

"पर इथं जेवणार कोण?"

"येतील."

आलेही. डोंगर आणि पाणी बघायला हैदराबादहून एक कुटुंब आलं होतं. भज्जीच्या वासानं त्यातली बाई जवळ आली. "अम्मा, प्लेट कित्ते की?"

सुनीलकुमारची मान खाली गेली. पुण्याच्या कंपनीतला मुलगा, आणि आई भज्जी विकणारी ठरली! पदर खोचून अनसाबाई म्हणाल्या, "हाटेल न्हाई बाई, माझं शेत हाय. आज शेतात आलेला जेवल्याबिगर जात न्हाई. बैठो."

"खेत किधर है?"

"हे काय, समोर." त्यांनी पाण्याकडे असा हात केला की बाईला पुढं विचारवेना. ती चपला काढून बसली. मग तिची पोरं बसली, जाळं टाकणारे दोघं आले, धरणाचा वॉचमन आला. सुनीलकुमार न सांगता पुढं आला आणि वाढू लागला. अनसाबाई ज्याला त्याला आग्रह करत सुटल्या. किती दिवसांनी त्यांना भरल्यासारखं वाटत होतं.

जेवणं झाली की घरच्यानं ताकातली आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची असते. सुनीलकुमारनं आंबिलीनं भरलेला बिंदगा उचलला आणि पाण्यापाशी येऊन थबकला.

"आई, कुठवर जाऊ?"

"आपला बांध ठाव न्हाई व्हय तुला?"

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात शिरला.