फोटोपुरते हात

संस्थेच्या मुख्य ऑफिसातून मोठ्या मॅडम आल्या, तेव्हा वस्तीतल्या बायका मी सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या टाकीसमोर ओळीने बसल्या होत्या. टाकी आमच्याच संस्थेने बांधलेली. दर बैठकीच्या शेवटी मी विचारते, "खूश आहात ना सगळ्या?" मग हात वर होतात, मी फोटो काढते आणि तो अहवालात छापून येतो. आजवर त्यात कोणालाच काही खटकलं नव्हतं.

मॅडमना मात्र फोटो नको होता. त्यांनी थेट बायकांनाच विचारलं, "टाकीला रोज पाणी येतं?"

सगळे हात वर. माझा जीव भांड्यात पडला.

मॅडम उठल्या आणि त्यांनी नळ सोडून पाहिला. थेंब नाही. त्या वळून म्हणाल्या, "मग टाकी कोरडीच असते का?"

तेच हात, तसेच वर. मधे एकही खाली आला नव्हता.

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. "त्यांना प्रश्न कळला नसेल," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझी मलाच किळस आली. न कळायला त्या काय कुक्कुली बाळं आहेत? प्रश्न ऐकून उत्तर द्यायची त्यांची सवय मीच मोडली होती.

तेवढ्यात पुढची म्हातारी दबक्या आवाजात मला म्हणाली, "काढ ना गं पोरी फोटो लवकर. हात भरून आलाय माझा. अजून लांब पाण्याला जायचंय."